करमणुकीची खोली : आधी कान, मग डोळे

सुरगाण्याच्या बाजूस अलीकडे जी पक्की घरे उठू लागली आहेत, त्यांत दर्शनी खोलीच्या एका भिंतीवर मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच टांगण्याची तजवीज बहुधा पाया खणण्यापूर्वीच मनात ठरलेली असते. बोरगाव-हतगडच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचा हंगाम साधला, किंवा घरातले कोणी आश्रमशाळेत अथवा तहसील कचेरीत नोकरीस लागले, की खरेदीच्या यादीत हा संच पहिल्या चार वस्तूंत येतो, आणि त्यात गैर असे काही नाही. खटकते ते एवढेच की संचाची किंमत ठरवताना चार दुकाने पालथी घालणारा गृहस्थ ज्या खोलीत तो संच बसायचा त्या खोलीसंबंधी गवंड्याशी चार वाक्येही बोलत नाही, आणि मग श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला म्हणजे पडद्यावरील पात्रांचे नुसते ओठ हलताना पाहून आवाजाचे बटण शेवटपर्यंत पिळत बसतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की निदान या तालुक्यात तरी करमणुकीची खोली आधी कानांसाठी आखावी आणि मग डोळ्यांसाठी. शोभेचा प्रश्न त्यानंतर आपोआप निम्मा सुटलेला आढळेल.

हा क्रम विचित्र वाटण्याचे कारण नाही, कारण या मुलखाची करमणूक मूळची श्रवणाचीच आहे. १९४८ साली विलीन झालेल्या सुरगाणा संस्थानात संस्थानिकांचा दिवाणखाना एकच असणार. परंतु ओट्यावर किंवा अंगणात जमून रात्ररात्र ऐकण्याचा परिपाठ मात्र पाड्यापाड्यावर होता. कोकणा समाजातील थाळीवरची कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांस हे सांगावयास नको. काशाच्या किंवा पितळेच्या थाळीच्या मध्यभागी मेणाच्या गोळ्यात एक बारीक काडी उभी करावयाची, त्या काडीवरून बोटांची चिमूट वरून खाली ओढीत राहावयाचे, की थाळीतून एक अखंड, मधमाश्यांच्या मोहोळासारखा घुमारा निघू लागतो, आणि त्या घुमाऱ्याच्या आधाराने कथेकरी रामकथा किंवा कणसरीची कथा पुढे नेतो. वाळलेल्या दुध्याची आणि बांबूच्या नळ्यांची पावरी, उन्हाळ्यातील बोहाड्याच्या रात्री सोंगांपुढे वाजणारे संबळ, ही सारी वाद्ये उघड्यावर किंवा मातीच्या भिंतींच्या घरात वाजण्यासाठी जन्मास आलेली आहेत. ज्या कानांनी इतका जिवंत नाद ऐकलेला असतो त्यांना सिमेंटच्या चौकोनी खोलीत घुमणारा, फुटलेला आवाज लवकर बोचतो. त्यांना तसे म्हणता येत नाही, एवढेच.

आता पावसाकडे वळू. सुरगाणा तालुका सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, नार-पारच्या खोऱ्यांत वसलेला असल्यामुळे नाशिक शहरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी अधिक येथे पडतो, आणि तो पडतो तोही चार महिन्यांत. पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत हा पाऊस म्हणजे अक्षरशः चर्मवाद्याच्या आत बसणे होय, कारण पातळ पत्रा हलका आणि ताणलेला असल्यामुळे प्रत्येक थेंबासरशी कंप पावतो आणि तो कंप खाली खोलीतील हवेस देऊन मोकळा होतो. यावर दोनच गोष्टी चालतात : वजन आणि पोकळी. स्लॅबचे घर असून गळतीच्या धास्तीने त्यावर पुन्हा पत्र्याची शेड घातलेली असेल, जशी ती या बाजूस पुष्कळ ठिकाणी असते, तर काळजीचे कारण नाही. मधली मोकळी जागा आणि खालचे काँक्रीट मिळून पावसाचा बहुतेक आवाज अडवतात. मात्र थेट पत्र्याखाली बसावयाचे असेल तर पत्र्यापासून किमान चार इंच खाली लाकडी किंवा लोखंडी सांगाडा बांधून त्यावर छत घालावे, आणि त्या छताच्या पाठीवर सुमारे ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे थर अंथरावेत. छतास साधा जिप्सम बोर्ड वापरू नये. आपल्याकडील दमट हवेत तो दोन पावसाळ्यांत पोट सोडतो. ओल सोसणारा बोर्ड किंवा सिमेंट-फायबरचा पत्रा घ्यावा. शोभेसाठी खालून बांबूची विणलेली तट्टी लावण्याची कल्पना उत्तम आहे, पण नुसत्या तट्टीने आवाज अडत नाही हे ध्यानी धरावे, कारण जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. पोकळीच्या दोन्ही टोकांस बारीक लोखंडी जाळी ठोकण्यास सुताराला बजावून सांगावे, नाहीतर भात खळ्यावरून घरात आला की उंदीरही पाठोपाठ येतील आणि रॉकवूलमध्ये संसार थाटतील.

कौलारू घर असलेल्यांनी ते केवळ जुने दिसते म्हणून मोडू नये. जाड मातीचे कौल थेंबाचा आघात पुष्कळसा जिरवते. आणि कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने सारवलेल्या भिंतींचा पृष्ठभाग खडबडीत व सच्छिद्र असल्यामुळे त्या खोलीत शब्द स्वच्छ ऐकू येतो. सिमेंटचा गिलावा आणि वर तेलरंग, खाली चकचकीत फरशी आणि समोर काचेचे कपाट अशी खोली मात्र आवाजाच्या दृष्टीने विहीरच समजावी. याची परीक्षा फार सोपी आहे. सामान लावण्यापूर्वी रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा खणखणीत टाळी वाजवावी. टाळीच्या मागे चिरचिर, थरथर असा शेपटासारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती ती टाळी चेंडूसारखी एकमेकींकडे टोलवीत आहेत असे समजावे. त्यांपैकी एका भिंतीवर जाड गोधडी, भिंतीपासून दोन इंच पुढे येईल अशा बेताने लाकडी पट्टीवर टांगली, की बराच फरक पडतो. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा पदर घालून शिवलेली गोधडी ही आवाज शोषणाऱ्या बाजारी फोमच्या काळ्या चौकटींपेक्षा दिसावयास शतपटीने सुंदर आणि मध्यम व तीव्र स्वरांच्या बाबतीत कामासही तितकीच उपयोगी असते. खर्जाचे स्वर तिला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी भरलेल्या गाद्या आणि पुस्तकांनी किंवा कपड्यांनी भरलेली कपाटे यांचा आश्रय घ्यावा लागतो.

खोलीच्या मापांसंबंधी एकच नियम सांगतो, तो मात्र गवंडी कामास लागण्यापूर्वी सांगण्याचा आहे : खोली चौरस करू नये. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १२ फुटी दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा खर्ज स्वर अडकून घुमू लागतो. लांबी आणि रुंदी दोन्ही १२ फूट असल्यास तोच स्वर दोन्ही दिशांनी घुमतो आणि ढोलाचा प्रत्येक ठोका गढूळ होऊन कानी येतो. तीच खोली १२ बाय १६ फूट आणि उंचीला १० फूट केली, की हे घुमणारे स्वर ३५, ४७ आणि ५६ हर्ट्झ असे निरनिराळे पडतात आणि कोणा एकाचीच दांडगाई चालत नाही. खर्चात फार तफावत पडत नाही. केवळ दोरी ओढताना विचार करावा लागतो.

स्पीकरांच्या बाबतीत दुकानदार आपणास पाच, सात, नऊ असे आकडे ऐकवील. ऐकून घ्यावे आणि दोन चांगले स्पीकर मागावे. ते दोन आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे स्पीकर एकमेकांपासून आठ फुटांवर असतील तर बैठकही त्यांपासून आठ फुटांवर असावी. ते कानांच्या पातळीस यावेत, भिंतीपासून फूटभर पुढे असावेत, आणि कोपऱ्यात तर मुळीच कोंबू नयेत, कारण कोपरा खर्ज फुगवतो. ज्या खोलीतून स्वयंपाकघराकडे, गोठ्याकडे सतत ये-जा चालते तेथे पाठीमागचे दोन स्पीकर आणि त्यांच्या तारा हा केवळ पाय अडखळण्याचा बंदोबस्त ठरतो; स्वतंत्र खोली असेल आणि हौसही असेल तरच पाच स्पीकर व एक सबवूफर या मांडणीच्या वाटेस जावे, आणि मग मागचे दोन ऐकणाऱ्याच्या बाजूस किंचित मागे, समोरच्या रेषेपासून सुमारे ११० अंशांच्या कोनात बसवावेत. जागा व पैसा दोन्ही बेताचे असतील तर पडद्याखाली बसणारी साउंडबार पट्टी पुरे. संवाद स्पष्ट ऐकू येणे हा तिचा मुख्य गुण होय.

थाळीच्या घुमाऱ्याचा वर उल्लेख आला आहे, तो येथे दुसऱ्या कारणाने आठवावा लागतो. फडताळात ओळीने उभी केलेली पितळी ताटे, तांबे, काचेचे दरवाजे, ही सारी मंडळी एखादा खर्ज स्वर आपल्या जातीचा सापडला की झणझणू लागतात, आणि स्पीकर बिघडला म्हणून कारागिरास बोलावणे जाते. संबळाची एखादी ध्वनिफीत मोठ्याने लावावी, खोलीतून हिंडत एकेका वस्तूवर तळहात ठेवीत जावे, आणि जिला हात लागताच झणझण थांबते तिच्याखाली बनातीचा किंवा रबराचा तुकडा सारावा.

डोळ्यांचा विचार आता करण्यास हरकत नाही. मोठा पडदा चांगला आणि त्याहून मोठा अधिक चांगला, ही समजूत खोलीच्या लांबीशी ताडून पाहिली पाहिजे. स्वच्छ चित्र मिळत असेल तर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर बसण्यास सोयीचे : ४३ इंची संचास साडेपाच ते सव्वासहा फूट, ५५ इंचीस सात ते आठ, ६५ इंचीस आठ ते साडेनऊ. परंतु घरी दूरदर्शनची फ्री डिश असेल, आणि गावोगाव ती पुष्कळ घरी असते, तर तिच्यावरील साध्या प्रतीचे चित्र मोठ्या पडद्यावर जवळून पाहिले असता विरलेल्या कापडासारखे दिसते. अशा घराने एक माप लहान घेऊन उरलेली रक्कम स्पीकरांवर खर्चावी हे श्रेयस्कर.

उंचीच्या बाबतीत मात्र सर्वत्र एकच प्रमाद घडतो. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात संच डोक्यावर टांगलेला असतो तो उभ्या माणसांना दिसावा म्हणून. घरी त्याचे अनुकरण करून पाच-साडेपाच फुटांवर खिळे ठोकले जातात आणि घरातील मंडळी सतरंजीवर बसून मान वर करून आकाशदर्शन करीत राहतात. मांडी घालून जमिनीवर बसलेल्या माणसाचा डोळा सुमारे अडीच फुटांवर असतो, खुर्चीवर बसलेल्याचा साडेतीन फुटांच्या आसपास. दोन्ही प्रकारची बैठक ज्या घरात आहे तेथे पडद्याचा मध्य तीन फुटांवर ठेवावा. ५५ इंची पडदा सव्वादोन फूट उंच असल्यामुळे त्याची खालची कड पावणेदोन-दोन फुटांवर येईल. ती इतकी खाली बघून गवंडी हसेल. त्याला हसू द्यावे. लहान मुले असतील तर संच पायांवर उभा न ठेवता भिंतीस पक्का आवळावा. माझे स्वतःचे मन तर गाद्या, लोड आणि तक्क्यांच्या बैठकीकडेच झुकते. तिच्यामुळे खोली मोठी दिसते, आवाज शोषला जातो, नागली निवडत बसलेल्या आजीबाईंस आणि अभ्यासाचे दप्तर पसरलेल्या नातवास एकाच वेळी जागा मिळते, आणि जाडजूड रेक्झिनच्या सोफ्याचे हप्ते वाचतात.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाचे संच लाकडी पेटीत येत, पेटीस सरकते दरवाजे असत, आणि कार्यक्रम संपला की ते ओढून घेऊन त्यावर भरतकाम केलेला रुमाल घालण्याची चाल होती. त्या चालीत गृहशोभेचे एक शहाणपण होते : यंत्र झोपलेले असताना त्याने खोलीवर अंमल चालवू नये. आजचा पडदा बंद असताना भिंतीवर एक काळे भगदाड दिसते. ते लपविण्यासाठी सागवानी चौकटीत बांबूच्या कामट्यांचे सरकते दार करून घ्यावे. सुरगाण्यात सागही आहे, बांबूही आहे आणि त्यावर हात चालणारे कारागीरही आहेत. दारामागे हवा खेळेल अशा वर-खाली फटी ठेवाव्यात, कारण यंत्र तापते. स्पीकरापुढे कापड लावावयाचे असल्यास ते तोंडाशी धरून फुंकर मारून पाहावी. फुंकर आरपार गेली तर आवाजही जाईल.

पडद्यामागील भिंतीस पांढरा रंग देऊ नये. चकाकी नसलेला गडद रंग तेथे हवा, म्हणजे डोळे शिणत नाहीत. आणि असा रंग शोधण्यास दुकानात जाण्याचीही गरज नाही, कारण गेरू तो हाच. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे पाहून ती पडद्याभोवतीच काढून घेण्याचा मोह होईल, तो आवरावा. पांढऱ्या आकृतींची ती लगबग नजरेच्या कडेला सतत नाचत राहिली तर ना चित्रपट धड पाहता येतो ना चित्रे. ती पाठीमागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर काढावी, आणि शक्य तर छापील कागद न चिकटवता पाड्यावरील हातानेच काढून घ्यावी. बोहाड्याचे मुखवटे हल्ली दिवाणखान्यांतून टांगलेले दिसतात. कागदाच्या लगद्याचा नवा मुखवटा कारागिराकडून शोभेसाठीच करवून घेतला तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु गावच्या उत्सवात देवतेचे सोंग घेऊन नाचलेला मुखवटा मिटक्या मारीत विकत घेऊन साउंडबारच्या वर टांगणे या लेखकास तरी अशोभनीय वाटते.

उजेडाची वाट दोन प्रकारची ठेवावी. बसण्या-उठण्यासाठी २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, तेही छताच्या मध्यभागी एक भगभगीत न लावता कोपऱ्यांतून भिंतीवर पडतील असे. आणि पडद्याच्या पाठीस ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशाची मंद पट्टी, जिच्यामुळे अंधारात पडद्याचा झगझगाट डोळ्यांस टोचत नाही. रंग बदलणाऱ्या निळ्या-जांभळ्या पट्ट्या लग्नमंडपासाठी राखून ठेवाव्यात. खिडकी पडद्याच्या समोर आली तर तिचे प्रतिबिंब पडते, मागे आली तर डोळे दिपतात; ती बाजूच्या भिंतीत असावी. आणि प्रोजेक्टरचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी एवढेच स्वतःस विचारावे की आपल्या घराचे दार दिवसा कधी बंद असते काय.

विजेचा बंदोबस्त हा या लेखातील सर्वांत रूक्ष आणि सर्वांत निकडीचा भाग होय. व्होल्टेज कमीजास्त होते म्हणून लोक स्टॅबिलायझर घेतात आणि निश्चिंत होतात. वस्तुतः अलीकडचे बहुतेक संच पुष्कळ मोठ्या पल्ल्यातील व्होल्टेज सोसतात, पण वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळल्यावर तारांतून येणारा झटका स्टॅबिलायझर अडवीत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवावा, आणि तो ज्यावर विसंबतो ते अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले आहे याची वायरमनकडून मोजून खात्री करून घ्यावी. आपली जमीन मुरमाड, खडकाळ. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि नेमका त्याच सुमारास, मे-जूनमध्ये, गडगडाट सुरू होतो, म्हणून चैत्रापासून त्यात आठवड्यास दोन-तीन बादल्या पाणी ओतीत जावे. आभाळ भरून आले, की प्लग काढावाच, पण त्याबरोबर छपरावरील डिशची केबलही संचातून उपसून ठेवावी. ही दुसरी वाट बहुतेक जण विसरतात. शॉकपासून रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी खोलीच्या सर्किटवर असणे अगत्याचे आहे, विशेषतः जेथे भिंतींस ओल येते. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा, नाहीतर स्पीकरांतून गुणगुण ऐकू येते. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी संच, साउंडबार आणि एक पंखा मिळून २५० वॉटचा भार साधारण पाच तास ओढते, म्हणजे एक चित्रपट आणि वर बातम्या.

ओलीबद्दल फार लिहीत नाही. ज्यांच्या ट्रंकेतील कपड्यांवर श्रावणात बुरशी धरते त्यांस तिची ओळख आहे. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ठेवावे, यंत्रांच्या खणात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या आणि पावसाळ्यात संच रोज थोडा वेळ तरी चालू करावा, म्हणजे त्याच्याच उष्णतेने आतील दमटपणा निघून जातो. मुसळधार पावसात डिशचे चित्र अडखळते ते यंत्राच्या दोषाने नव्हे. पावसाचे दाट पडदे उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी गिळतात. अशा संध्याकाळींसाठी हार्ड डिस्कवर काही चित्रपट, नाटके, आणि शक्य असेल तर गावातील थाळीवरच्या कथेकऱ्याच्या संमतीने चांगल्या माइकवर करून ठेवलेले ध्वनिमुद्रण जवळ असावे.

दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामास दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या कुटुंबांनी घर बंद करताना रिमोटमधील सेल काढावेत, ते गळून आतले पत्रे खातात. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून ठेवावी किंवा शेजाऱ्याकडे महिन्यातून एकदा भरण्यास द्यावी. आणि संच सुती चादरीने झाकावा, प्लॅस्टिकने झाकू नये, कारण त्याखाली दव साचते.

राहता राहिल्या भिंतीतील नळ्या. संचापासून खालच्या खणापर्यंत आणि तेथून दोन्ही स्पीकरांच्या जागेपर्यंत गिलाव्यापूर्वीच रुंद नळ्या टाकून घ्याव्यात. एचडीएमआय केबलचे टोक रुंद असते, म्हणून ३२ मिलिमीटरहून बारीक नळी घेऊ नये, काटकोनी वळण देऊ नये, विजेची तार आणि ही केबल एकाच नळीतून ओढू नये, आणि प्रत्येक नळीत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवावी, म्हणजे उद्या नवीन तार ओढताना भिंत फोडावी लागत नाही. त्यांतलीच एक नळी ओट्यापर्यंत न्यावी. क्रिकेटचा अंतिम सामना असला म्हणजे संच बाहेर आणावा लागतो, आणि तेव्हा दारातून लोंबणारी तार ओलांडीत निम्मा पाडा आत-बाहेर करीत असतो. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून फोटो काढावा, त्याची एक प्रत छापून घ्यावी आणि ती सातबारा व घरपट्टीच्या कागदांसोबत एकाच पिशवीत ठेवावी.